रुथबाईंचा रिकामा रकाना

कुलसचिवांच्या कार्यालयातून पुन्हा तोच तक्ता मागवला आहे. कुरणातल्या तणमोर पक्ष्याच्या नोंदी, मागील पाच वर्षांच्या, वर्षवार. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. असले तक्ते माझ्याकडे येतात, कारण मी ते वेळेवर देतो आणि माझी बेरीज चुकत नाही. या वेळी मी तो हाताने लिहून पाठवला. 'शेवटचे तीन रकाने रिकामे आहेत, भरून पाठवावेत' असा लाल शेरा मारून तो परत आला. तीन दिवस झाले, कागद टेबलावर आहे. मी नाही भरला तर दुसरं कोणी भरेल. कोण, तेही मला माहीत आहे. त्या तीन रकान्यांत शून्य पडलं की कुरणाचे उरलेले तेवीस एकरही जातील. रुथबाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं हा प्रश्न नाही. त्यांनी काय सांगून ठेवलं आहे ते मला पाठ आहे. अडचण माझी आहे.

रुथबाई आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात परिचर होत्या. मूळच्या नवापूरकडच्या, चिंचपाड्याजवळच्या एका गावातल्या, ख्रिस्ती शेतकरी घरातल्या. घरी मावची, ऑफिसात शाळेतलं मराठी आणि शहाद्याच्या बाजारात अहिराणी, अशा तीन भाषा त्या बोलत. तिन्ही भाषांत 'साधारण' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. ठेंगण्या, हडकुळ्या, पायात कॅनव्हासचे पुरुषी बूट. कुसळं अडकू नयेत म्हणून साडी घोट्याच्या वर खोचलेली. खांद्याच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रजिस्टर आणि भाकरीचा डबा. डबा विसरला असेल एखाद्या दिवशी, रजिस्टर कधी नाही.

कुरण विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, सातपुड्याकडे तोंड करून होतं. चौऱ्याऐंशी एकर. तिन्ही बाजूंनी केळी आणि ऊस आणि मध्ये हे एवढंच गवत: शेडा, मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी. शेजारच्या पाड्याचं ते चराऊ रान होतं. ज्याचं पुढे विद्यापीठ झालं ते कॉलेज निघालं तेव्हा पाड्याने हे रान त्याला राखायला दिलं. पावसाळ्यात तिथे तणमोर येई. कोंबडीएवढा पक्षी, नर काळा. गवतात उभा असतो तेव्हा दिसत नाही. मग एकदम पुरुषभर उंच उडी घेतो, बेडकासारखा टर्र करतो आणि खाली जातो. जे काय दिसायचं ते त्या उडीपुरतं. विद्यापीठाच्या एका जुन्या ठरावात लिहिलं होतं की तणमोर येतो तोवर ही जमीन राखीव राहील. आणि सलग पाच वर्षं तो आढळला नाही तर फेरविचार करता येईल.

मी नोकरीला लागलो त्या पावसाळ्यात विभागप्रमुखांनी मला बाईंबरोबर कुरणात पाठवलं, मोजणीची पद्धत शास्त्रशुद्ध आहे का ते बघायला. बाईंकडे बांबूच्या चार काठ्या सुतळीने बांधून केलेली मीटरभर लांबी-रुंदीची चौकट होती. ती गवतात फेकायची आणि पडेल तिथे आत काय काय उगवलंय ते मोजायचं. असं चाळीस वेळा. फेकण्याआधी त्या कुरणाकडे पाठ करत, डोळे मिटत, क्षणभर थांबत आणि चौकट खांद्यावरून मागे टाकत. रुथबाई प्रार्थना करून चौकट फेकतात, असं विद्यार्थी म्हणायचे. मीही तसंच विचारलं.

"प्रार्थना कसली, सर," त्या म्हणाल्या. "डोळे उघडे राहिले तर हात लबाडी करतो. चांगलं गवत बघून तिकडेच जातो."

नमुना कसा निवडावा यावर मी दरवर्षी बारा तास शिकवतो. त्या बारा तासांत याहून जास्त काही नसतं.

तणमोरासाठी त्या श्रावण-भाद्रपदात रोज पहाटे मचाणावर बसत, ऊन चढेपर्यंत. रजिस्टरमध्ये त्यांच्या दोनच खुणा. दिसला तर बरोबरची खूण. बसल्या आणि दिसला नाही तर गोल. ज्या दिवशी त्या गेल्याच नाहीत तो रकाना रिकामा. मी एकदा सुचवलं की तिथे निदान आडवी रेघ तरी मारा, कागद पूर्ण दिसेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एखाद्या विद्यार्थ्याला कॉपी करायला सांगतोय.

"ज्या दिवशी गेले नाही त्या दिवसाचं मला काय माहीत? पेन कशाला उचलू?"

गवत कापण्याची तिथली एक रीत होती. बी झडल्याशिवाय विळा लावायचा नाही. बी झडलं की नाही हे पाड्यावरचे सायसिंगबाबा ठरवत. ते ओंबी तळहातांत चोळत आणि फुंकर मारत. हातात काही राहिलं तर आणखी आठ दिवस थांबायचं. हातात काहीच उरलं नाही की वाघदेवाला नारळ फोडून पहिली पेंढी त्याच्यापुढे ठेवायची आणि मग पाड्याच्या बायका विळे घेऊन आत शिरायच्या. रुथबाई नारळाच्या वेळी दोन पावलं मागे उभ्या राहत, हात जोडून पण डोकं न वाकवता. सायसिंगबाबा दरवर्षी त्यांना चिडवत. एकदा मी समोर होतो. बाबांनी विचारलं, तुझा देव गवत खातो का गं?

"माझा देव गव्हाणीत जन्मला, बाबा. त्याचा पहिला बिछाना गवताचा."

बाबा खूप वेळ हसले. मग त्यांनी आपल्या हाताने दुसरी पेंढी बांधली आणि बाईंना दिली. पुढे दरवर्षी दोन पेंढ्या निघू लागल्या, एक वाघदेवाची, एक रुथबाईंच्या देवाची. बाईंनी ती घरी नेऊन काय केलं मला माहीत नाही. नाताळात त्यांच्या दारात एक लहान गोठा मांडलेला असे, त्यात ते गवत असावं. पण मी विचारलं नव्हतं.

ज्या पाच वर्षांवर पुढे सगळं अडलं त्यातल्या पहिल्या वर्षी मूल्यांकनाला बाहेरची मंडळी आली. आमचे विभागप्रमुख कुरणावर जीव असलेले गृहस्थ होते. त्या वर्षी बाई दोन महिने मचाणावर बसल्या आणि रजिस्टरमध्ये ओळीने गोल पडले. प्रमुखांनी त्यांना बोलावून सांगितलं की एका दिवशी बरोबरची खूण करा. गेल्या वर्षी दिसला, पुढच्या वर्षीही दिसेल, एका खुणेने कोणाचं काही बिघडत नाही. मी तिथे बसलो होतो. बाईंनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, पेन ठेवलं.

"सर, तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही खूण करा. खाली सही पण तुमची."

प्रमुखांनी रजिस्टर मिटलं. ते वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी त्यांनी खोटं लिहिलं असतं तर आज चौऱ्याऐंशी एकर गवत उभं असतं. ही गोष्ट मी पुष्कळदा मांडून पाहिली आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठाने बाईंना पावसाळाभर प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं. माणसं कमी होती. विद्यार्थ्यांचे दाखले घ्यायचे, झेरॉक्स जोडायच्या. त्या रोज सकाळी कुरणाकडच्या रस्त्याने कामावर येत आणि खिडकीत जाऊन बसत. दोन वर्षं मचाणावर कोणी चढलं नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या परत कुरणात गेल्या. दोन्ही वर्षं गोल. सगळं मिळून पाच वर्षांत तीन वर्षं शोधला, दिसला नाही. दोन वर्षं कोणी शोधलाच नाही.

त्याच सुमारास गोल्फ आलं. विद्यापीठाला नऊ होलचं मैदान हवं होतं. विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाला वळण लागेल, मोठ्या कंपन्यांची माणसं येतील, असं टिपणात लिहिलं होतं. एकसष्ट एकर पहिल्या टप्प्यात, उरलेले तेवीस नंतर, तेव्हाच्या नोंदी पाहून. आमच्याकडे कोणी हा खेळ पाहिलेला नव्हता. चहा आणणाऱ्या शिपायाने नकाशा बघून कुलसचिवांनाच विचारलं, "साहेब, साठ एकरमा एकच बॉल? आनि तो गवतमा हरपना तं?" कुलसचिव म्हणाले, म्हणूनच तर गवत काढायचंय. सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण मी हसलो होतो.

पाच वर्षांचा तक्ता माझ्याकडे मागितला. मी बाईंकडून रजिस्टर घेतलं. कार्यालयाने दिलेल्या संगणकाच्या तक्त्यात प्रत्येक रकान्यात आकडा टाकावाच लागे. रिकामा ठेवला की तो लाल होई आणि पुढे जाऊ देत नसे. गोल होता तिथे मी शून्य टाकलं. जिथे काहीच नव्हतं तिथेही शून्य टाकलं. त्या वेळी मनात काही आलं नाही. लाल रंग गेला, तक्ता स्वच्छ दिसला. दोनदा तपासला. सही केली. चार वाजायला दहा मिनिटं असताना दिला. पाच वर्षं, पाच शून्यं.

ठरावाची ती ओळ मला आठ दिवसांनी बैठकीच्या कागदांत वाचायला मिळाली. जेवताना बायकोला सांगितलं. ती शिक्षिका नाही, संख्याशास्त्र तिने शिकलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुम्ही तिले इचारं व्हतं का?"

दुसऱ्या दिवशी बाईंच्या क्वार्टरवर गेलो. त्या ओट्यावर बसून सुपात नागली पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांचा हात चालू होता. सांगून झालं तेव्हा थांबला.

"दोनदा तपासलं असेल ना, सर?"

"हो."

"हं. बेरीज बरोबर असेल मग."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला पुढची रात्र काढणं सोपं गेलं असतं. त्यांनी मला चहा दिला आणि पाखडणं पुढे चालू केलं.

मी दुरुस्तीचं पत्र दिलं. त्यावर 'प्राप्त' असा शिक्का बसला. दुसरं पत्र दिलं. त्यावरही बसला. वन खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने नकाशा काढून दाखवलं की ही जमीन त्यांच्या राखीव हद्दीत नाही, विद्यापीठाची आहे, विद्यापीठालाच विचारा. सायसिंगबाबांकडे काही कागद असेल म्हणून पाड्यावर गेलो. ते म्हणाले, राखायला दिली तेव्हा तुमच्या मोठ्या सरांनी हातात हात दिला होता. तो हात आता कुठून आणू?

शेवटी कुलसचिवांनी रुथबाईंना जमिनीचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे बोलावलं. माझ्या पत्रांमुळे बोलावलं, त्यामुळे मलाही बसू दिलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, बोलायला सभ्य. त्यांनी बाईंना खुर्ची द्यायला लावली. मग विचारलं की मधल्या त्या दोन वर्षांत तुम्ही तणमोर पाहिला का. बाई म्हणाल्या, नाही. अध्यक्षांनी हात पसरले. मग शून्यच झालं ना, बाई?

 त्या कधीच पटकन उत्तर देत नसत.

"साहेब, तुम्ही माझ्या घरी कधी आला नाहीत. म्हणून तिथं कोणी राहत नाही, असं लिहाल का?"

शिपायाचा चहा ओतायचा हात थांबला. अध्यक्ष हसले, मान डोलावली, छान बोलतात बाई असं म्हणाले. इतिवृत्तात एकच ओळ आली: 'संबंधित परिचर यांनी उक्त कालावधीत पक्षी पाहिला नसल्याचे मान्य केले.' ती ओळ मी अनेकदा वाचली. तिच्यात एकही शब्द खोटा नाही.

जाताना जिन्यात मी बाईंना म्हणालो की पहिल्या वर्षी प्रमुखांचं ऐकायला हवं होतं. एक खूण केली असती तर. त्या दोन पायऱ्या खाली होत्या. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तसं केलं असतं तर मग न बघता लिहिलेलं तुमचं शून्य पण बरोबर, सर. सगळंच बरोबर."

पुढचं सगळं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत झालं. आधी मोजमापाच्या रेषा आखायला गवत काढायचं ठरलं. सायसिंगबाबांना पहिली पेंढी कापायला बोलावलं. ते आले, ओंबी चोळली, फुंकर मारली, बी अजून आहे म्हणाले आणि निघून गेले. मग ट्रॅक्टर लावला. त्या वर्षी एकही पेंढी निघाली नाही. जेसीबी आला, मचाण पाडलं, चढउतार हवे तसे करून घेतले. वैशाखाच्या शेवटी रुथबाई निवृत्त झाल्या. विभागाने त्यांना शाल आणि नारळ दिला. भाषणात मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो.

हिरवळ बसवली. परप्रांतातून गालिच्यासारखी गुंडाळून आणलेली. ती मी जवळून पाहिली. हरळी होती. नाव काहीतरी वेगळं लिहिलेलं होतं, पण जात तीच. माझे वडील, काका, तापीकाठचे आमचे सगळे लोक ज्या गवताच्या मुळ्या उपटता उपटता म्हातारे झाले, ते विद्यापीठाने गाडी भरून आणलं होतं आणि त्याला दिवसातून दोनदा पाणी देत होतं.

क्वार्टर सोडायच्या आठवड्यात बाई चौकट घेऊन आल्या. फाटकावरचा रखवालदार पूर्वी विभागात रोजंदारीवर होता. त्याने त्यांना दहा मिनिटं आत सोडलं. मी बरोबर होतो. तेवीस एकरांकडे मात्र त्याने जाऊ दिलं नाही. तिकडे तारेचं कुंपण झालं होतं, कुलूप होतं, किल्ली वर होती. बाई हिरवळीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पाठ केली, डोळे मिटले, चौकट मागे टाकली. गुडघ्यावर बसून मोजू लागल्या. पूर्वी एका चौकटीत नऊ ते चौदा जाती निघत. मी उभ्यानेच सांगू शकलो असतो की इथे एकच आहे. त्यांनी तरी चारी कोपरे बोटांनी चाचपून पाहिले, हळूहळू, पाच मिनिटं. मग रजिस्टरमध्ये लिहिलं: हरळी, एक. दुसऱ्यांदा चौकट फेकली नाही.

दोन दिवसांनी मी त्यांना शहाद्याच्या बसस्टँडवर सोडायला गेलो. सामान आधीच गेलं होतं. पिशवी आणि चौकट एवढंच हातात होतं. नवापूरची गाडी लागली. दारात कंडक्टरने अडवलं.

"मावशी, हाई काय शे? खाट शे का?"

"खाट नाही रे. मोजायचं आहे."

"मोजानं जे व्हई ते व्हवो. दारमातून जावाव नही."

बाईंनी वाद घातला नाही. फलाटावर खाली बसून एकेक गाठ सोडवली. सुतळी जुनी, पावसाने घट्ट झालेली. शेवटची गाठ त्यांनी दातांनी सोडवली. चार काठ्या झाल्या. सुतळी माझ्या हातात दिली. मग पिशवीतून रजिस्टर काढून दिलं. विभागाने ते रद्दीत काढलं होतं, त्यांनी मागून घेतलं होतं.

"सर, पुढचा पाच वर्षांचा तक्ता तुम्हालाच मागतील. तेवीस एकरांसाठी."

मी म्हणालो, मागतील.

"ह्या पावसाळ्यात मी नसेन. पुढं कोणाला बसू देणार नाहीत. ते रकाने रिकामे ठेवा." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "तो असेल तिथं. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. तेवढंच राहिलंय आता."

गाडी सुरू झाली. त्यांना चालकाच्या बाजूची दुसरी खिडकी मिळाली होती. चार काठ्यांची टोकं खिडकीबाहेर आली होती. गाडी मागे घेऊन वळवायची होती, म्हणून काही क्षण बाईंची पाठ माझ्याकडे झाली. त्या ताठ बसल्या होत्या, हलत नव्हत्या. मग गाडी नंदुरबारच्या रस्त्याला लागली. त्यांचे डोळे तेव्हा मिटलेले होते की उघडे, ते मी पाहिलेलं नाही. म्हणून लिहीत नाही.